फुटाला एक सूत

सातारा-सांगलीकडे बंगल्याचे पार्किंग गाडीसाठी म्हणून बांधतात आणि चार-पाच वर्षांत तिथे गाडी सोडून बाकी सगळे असते. विहिरीवरची जळालेली मोटर, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, रंगाचे अर्धे डबे, मुलाची लहानपणची सायकल, गेल्या तीन गणपतींची मखरे. गाडी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली, कावळ्यांच्या हवाली. मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत घरातला कर्ता माणूस, बहुधा कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला, जाहीर करतो की इथे आता एक टेबल होणार, भिंतीला कपाटे होणार आणि हत्यारे जागच्या जागी राहणार. घरचे ‘बरं’ म्हणतात. या ‘बरं’मध्ये विश्वास किती आणि कंटाळा किती हे ज्याचे त्याने ठरवावे.

या पट्ट्यात असे जाहीर करणारी माणसे जास्त भेटतात, त्याला कारण आहे. सातारा, कुपवाड, मिरज, पलूस इथल्या औद्योगिक वसाहती, किर्लोस्करवाडी, सातारारोडचा कूपर कारखाना. इथल्या निदान तीन पिढ्यांच्या हातांना कानस, व्हर्नियर आणि गुण्या ठाऊक आहे. मुंबई-पुण्याकडे घरगुती वर्कशॉप हा छंद असतो. त्यात वीकेंड असतो, एप्रन असतो, फोटो असतात. इथल्या निवृत्त फिटरला मात्र साधी गोष्ट हवी असते, उभे राहायला जागा. चाळीस वर्षे उभ्याने काम केलेल्या माणसाला दिवाणावर बसवत नाही.

पण सुरुवात बहुतेक जण मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून करतात, आणि घोटाळा तिथूनच चालू होतो. तिकडचे टेबल पाइनच्या ‘दोन-बाय-चार’ पट्ट्यांचे असते. ती पट्टी नावालाच दोन-बाय-चार. तासून झाल्यावर प्रत्यक्षात ती दीड बाय साडेतीन इंच भरते, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. आपण सांगलीच्या टिंबर एरियात जाऊन दोन-बाय-चार मागितली, तर करवतीवरचा माणूस विचारतो, कशात? सागात, बाभळीत, आयात पाइनमध्ये? रंधा मारून की विनारंध्याची? तिकडची गॅरेजे बंद दाराची, इथली तीन बाजूंनी उघडी. तिथे बर्फ, इथे आषाढ. ते टेबल इथे जसेच्या तसे उतरवले, तर पहिल्या पावसाळ्यात त्याचे खण अडकतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात घरचे लोक त्यावर वाळवण घालू लागतात.

म्हणून आधी इथल्या कारागिराकडे बघितलेले बरे.

बसलेला सुतार

इथल्या गावच्या सुताराला टेबल लागतच नव्हते. तो उकिडवा बसे, समोर लाकडाचा ठोकळा, आणि कामाचे लाकूड दोन्ही पायांनी धरलेले. टाच आणि अंगठा हा त्याचा शिकंजा. वाकसाचा घाव पायापासून दोन बोटांवर पडे आणि पाय जागचा हलत नसे. रंधा, करवत, पटाशी, किकरे, सामता, गुण्या हे सगळे एका गोणपाटात मावे, कारण त्याला कामाकडे जावे लागे. नांगर, कुळव, पाभर, गाडीची जुवे आणि चाके शेतकऱ्याच्या खळ्यात किंवा आंब्याखाली दुरुस्त होत. सुतार हा पहिल्या ओळीचा बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त ही देण्याघेण्याची व्यवस्था बारकाईने मांडलेली आहे. टेबल एका जागी बसलेल्या माणसाला हवे असते. ज्याचे गिऱ्हाईक वस्त्यावस्त्यांवर पसरलेले, त्याने टेबल कुठे कुठे वाहून न्यायचे?

हे मागासपण नव्हे, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. जपानी सुतारही परंपरेने बसूनच काम करतो. त्याची करवत ढकलताना नव्हे, ओढताना कापते, म्हणून त्याला समोरून टेकू लागत नाही. युरोपात मात्र उभ्याचे टेबल रुजले. अठराव्या शतकात आंद्रे रुबो या फ्रेंच सुताराने आपल्या ग्रंथात जाड फळीचे, चार मजबूत पायांचे जे टेबल रेखाटले, ते आजही जगभरचे हौशी लोक जसेच्या तसे बनवतात. टेबल हवे की नको हे ज्याच्या त्याच्या हत्यारावर आणि हाडांवर ठरते.

बसून काम करण्याची परंपरा बघायची तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावे. इथले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या घराण्याने तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली. पोलादाच्या कामातले हात लाकडाकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, वाळतात, मुरतात, आणि मग कारागीर ते मांडीशी घेऊन बसतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कामाला टेबल दिले तर काम बिघडेल. गोल भोपळा सपाट फळीवर ठरत नाही, तो मांडीतच ठरतो. कोणत्या कामाला काय बैठक हवी, हा प्रश्न आपल्या पार्किंगमध्येही पहिला विचारायचा असतो, आणि तो कुणी विचारत नाही.

उभा राहिलेला सुतार

मग या भागातला सुतार उभा कधी राहिला? माझे उत्तर आहे, ओतशाळेत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्यावर ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवूही लागले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे गेली. बेळगावातली जागा सुटल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला. तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांना पाठ आहे. त्यात एक माणूस मात्र कुणाला दिसत नाही. लोखंडी नांगर आला म्हणजे गावच्या सुताराचा लाकडी नांगर गेला, हे खरे. पण नांगराचा ओतीव भाग ओतायचा तर वाळूत आधी त्याचा पोकळ ठसा हवा, आणि ठसा उठवायला हुबेहूब त्याच आकाराचा लाकडी नमुना हवा. ओतशाळेच्या भाषेत पॅटर्न. तो करणार कोण? सुतारच. ज्या यंत्रयुगाने खळ्यातल्या सुताराचे काम काढून घेतले, त्याला पहिल्या दिवसापासून कारखान्यातला सुतार लागत होता.

आणि या सुताराला उभे राहावेच लागले. पॅटर्नचे काम नांगराच्या ईसासारखे नजरेने होत नाही. ओतलेले बीड थंड होताना आकसते, साधारण एका फुटाला एक अष्टमांश इंच. एक अष्टमांश इंच म्हणजे आपल्या सुताराचे एक सूत, कारण आठ सुतांचा इंच. म्हणून पॅटर्न फुटामागे एक सूत मोठा करायचा. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सुताने लांब. शिवाय नमुना वाळूतून कड न मोडता वर निघाला पाहिजे, म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. एवढे बारीक माप धरायचे तर लाकूड हलता कामा नये, दोन्ही हात मोकळे हवेत, डोळा बरोबर रेषेवर हवा. पायाचा शिकंजा इथे अपुरा पडतो. मग टेबल आले, टेबलाला वाइस आली, वाइसला पकड आली. शेजारीच फिटरचे टेबल, तिथे तर माणूस बसायचा प्रश्नच नव्हता.

सातारारोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. तिथेही आधी नांगर, मग डिझेल इंजिने. कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणाच्या कामात पुरते उतरण्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले होते आणि पुढे कूपरशीही त्यांचा संबंध आला. सांगलीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेच आजचे वालचंद. स्वातंत्र्यानंतर आयटीआय आल्या. तिथे फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा आणि सुतारकामाचा एक वर्षाचा, ही वाटणी मला कधीच पटली नाही. लाकूड वर्षातून दोनदा आपले माप बदलते, लोखंड निदान शब्दाला जागते. दोन वर्षांची गरज कुणाला, हे उघड आहे.

तेव्हा आज सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या शाहूनगरात जो माणूस पार्किंगमध्ये टेबल मांडतो, त्याच्या टेबलाचा वंश रुबोपेक्षा ओतशाळेच्या जवळचा आहे. ते फिटरचे टेबल असते. त्यावर सुतारकाम करायला गेले की खांदे दुखतात, आणि मग दोष वयाला दिला जातो.

आधी माणूस मोजा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळले जाणारे काम हेच. फिटरच्या कामाचा जुना नियम असा की ताठ उभे राहून कोपर दुमडले की वाइसच्या जबड्याची वरची कड कोपराच्या पातळीला यावी. वाइस सहा-सात इंच उंच असते. म्हणजे साडेपाच फुटी माणसाला टेबल चौतीस-पस्तीस इंचांवर येते. रंधा मारायला मात्र ही उंची जास्त होते. रंधा हाताच्या जोराने मारायचा नसतो, तो अंगाच्या वजनाने जातो. हात सैल सोडून तळवा जमिनीला समांतर धरला की जिथे टेकेल ती रंध्याच्या टेबलाची उंची, म्हणजे तीस-बत्तीस इंच. तीन-चार इंचांनी काय होते, असे म्हणणाऱ्याने एकदा चुकीच्या उंचीवर सागाची सहा फुटी फळी रंधून बघावी.

यातून वाट अशी की टेबल रंध्याच्या उंचीचे करायचे आणि वाइस एका जाड ठोकळ्यावर उचलून बसवायची. ठोकळा बोल्टने आवळलेला असला, तर फळीचे काम निघाल्यावर वाइस ठोकळ्यासकट उतरवता येते. वाइसची जागा टेबलाच्या पायावर, मध्ये नव्हे. मध्ये बसवली तर प्रत्येक घावाला फळी लवते आणि घाव वाया जातो.

आणि एक विषयांतर. पार्किंगमधल्या टेबलासाठी इतक्या हौसेने कोपर मोजणाऱ्या या माणसाच्या स्वयंपाकघरातला ओटा गवंड्याच्या सवयीने बांधलेला असतो. त्यावर तीस वर्षे पोळ्या लाटणाऱ्या बाईचे कोपर कुणी मोजलेले नसते. ज्याच्या हातात टेप आहे त्याने आधी आत जाऊन यावे.

पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जायला फाटकाकडे ढाळ दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, टेबलाला दिसतो. चारही पाय एका मापाचे कापले की टेबल डुगडुगते आणि मग पायाखाली पुठ्ठा जातो, पुठ्ठ्याला वाळवी येते. पायांच्या बुडाशी नट वेल्ड करून त्यात बोल्ट फिरवायचा, म्हणजे हवा तेवढा पाय खालीवर करता येतो. इथे लोखंडी सांगाडा आणि लाकडी फळी ही जोडी मला सगळ्यात योग्य वाटते. दीड इंची अँगल, जाडी पाच मिलिमीटर, आणि मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी. ही तिरकी पट्टी लोक विसरतात. चार पाय आणि चार आडव्या पट्ट्या कितीही जाड घेतल्या तरी तो चौकोनच, आणि चौकोन कलतो. एक तिरकी घातली की त्रिकोण होतो, आणि त्रिकोण मोडल्याशिवाय कलत नाही. वेल्डिंगवाला या पट्ट्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. त्याला फक्त समोर गुण्या लावून दाखवायला सांगायचे. पुष्कळ सांगाडे वेल्डच्या ओढीनेच वाकडे होतात, कारण एक कोपरा पुरा भरून मग दुसरा घेतला जातो. आधी चारही कोपऱ्यांना टाके, मग कर्णाची दोन्ही मापे जुळवणे, मगच पक्की वेल्डिंग.

फळी

फळीच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एकाला सागच हवा. त्यात परवडण्याचा प्रश्न आहेच, पण खरा प्रश्न सागातल्या पांढऱ्याचा. खोडाचा आतला गाभा तेलकट, गडद. त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. बाहेरचा पांढरा भाग मात्र साग असूनही कीड खातेच. घनफुटावर माल घेताना पांढरा किती हे बघितले नाही, तर सागाच्या भावात सरपण येते. दुसरे, भरीव फळी आडवी फुगते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलते. दोन फूट रुंदीची जोडफळी वैशाखात आणि श्रावणात एकाच मापाची राहत नाही. तिला सांगाड्यावर घट्ट आवळले तर ती फाटते. म्हणून मधले स्क्रू गोल भोकात आणि कडेचे लांबट खाचेत, फळीला सरकायला वाव ठेवून.

दुसरा पंथ प्लायवूडचा, आणि पार्किंगसाठी मी याच पंथातला आहे. अठरा-एकोणीस मिलिमीटरच्या दोन थरांना एकमेकांवर चिकटवून दीड इंचाची फळी होते. प्लायच्या पापुद्र्यांचे धागे एकाआड एक आडवे-उभे असल्याने ते हलत नाही. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काही अर्थ नसतो. शिक्का बघायचा. भारतीय मानक ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचे प्लाय, ७१० म्हणजे मरीन. मरीनचा तुकडा बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटतात का ते तपासण्याची त्या मानकात सोय आहे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पार्किंगमध्ये आणूच नये. का, ते पुढे येईल.

एकच पाऊस, दोन गावे

महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सातारा शहरात त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका, सांगलीत त्याहून बराच कमी, आणि माण-खटाव-जतकडे आभाळाकडे डोळे. पण कोयनेचे पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला येते. म्हणून सांगलीत ऊन पडलेले असतानाही पूर येऊ शकतो. एकाच पावसाचे हे दोन चेहरे आहेत, आणि कपाटांची सगळी रचना त्यावर ठरते.

जावळी, पाटण, सातारा या बाजूचा शत्रू दमट हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला हात लावला तरी ओल कळते. पटाशीवर एका रात्रीत तांबेरा, खण अडकलेले, सँडपेपर मऊ पडलेला. इथे कपाट भिंतीला चिकटवायचे नाही, मागे बोटभर पट्टी घालून हवा खेळती ठेवायची. प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या सोडायच्या नाहीत, कारण पाणी पापुद्र्यांच्या तोंडातूनच शिरते. सनमायका वरून लावून कड तशीच ठेवणे म्हणजे रेनकोट घालून बटणे उघडी टाकणे. खणाला फट किती ठेवायची हे तो कोणत्या महिन्यात केला यावर आहे. उन्हाळ्यात केला तर दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे सूत मोकळे. भर पावसात केला तर घट्ट बसवला तरी चालतो, दिवाळीपर्यंत तो आपोआप सैल होतो.

पूर्वी हत्यारांच्या कपाटात साठ वॅटचा पिवळा बल्ब पेटता ठेवायची युक्ती होती. उजेडासाठी नव्हे, उबेसाठी. आता सगळीकडे एलईडी आले. ते वीज वाचवतात आणि ऊब देत नाहीत, त्यामुळे कपाटातला गंज परत आला. मग तेलाचा फडका, ग्रीस, कापूर असे जुने उपाय आलेच.

सांगलीची गोष्ट निराळी. आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर लोक विसरले नव्हते, तोवर हा आला, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी इथे पाणी घरांत दिवसेंदिवस थांबले. हरिपूरची हळदीची पेवे जमिनीखाली, पिढ्यान्‌पिढ्या हळद कोरडी ठेवणारी. त्यांतही २००५ ला पाणी शिरले. जिथे पेवांचे हे झाले, तिथे पार्किंगमधल्या कपाटाची काय कथा.

पार्टिकल बोर्ड का नको, हे पूर उतरल्यावर ज्याने कचऱ्याचे ढीग बघितले त्याला विचारायला नको. भुसा दाबून केलेली ती फळी एकदा भिजली की फुगते आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही, हातात भुगा येतो. लोखंडी कपाट टिकते, पण गाळ भरून त्याचे खण गंजून बसतात. मरीन प्लाय धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा उभे राहते. पाण्यापेक्षा गाळ वाईट, तो बारीक फटीत शिरून सिमेंटसारखा वाळतो.

म्हणून पूरपट्ट्यात कपाटे भिंतीत ठोकून कायमची करण्याचा हट्ट सोडावा. तिथे मला दोन गोष्टी पटतात. पहिली, टेबलाखाली बांधीव कपाट नको. चाकांवरचे सुटे, मागून उघडे पेटारे हवेत. टेबल लोखंडी, ते पाण्यात उभे राहील. पेटारे ओढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवता येतात. पुलाची पातळी फुटाफुटाने जाहीर होत असते, त्यामुळे निदान काही तास हातात असतात, आणि त्या तासांत स्क्रू ड्रायव्हर शोधत बसायचे नसते. दुसरी गोष्ट भिंतीवरच्या कपाटांची. एक लांब पट्टी पंचेचाळीस अंशांत उभी चिरायची. एक अर्धी भिंतीला, तिचा उतार भिंतीच्या बाजूला. दुसरी अर्धी उलटी करून कपाटाच्या पाठीला. कपाट नुसते वरून अडकते, स्वतःच्या वजनानेच घट्ट बसते, आणि दोन माणसांनी उचलले की निघते. भिंतीवर अशा तीन ओळी एकावर एक केल्या तर पाऊस लागताच कपाटे एक ओळ वर सरकवता येतात. अमेरिकेतल्या व्हिडिओंतून घ्यावी अशी ही एक वस्तू. तिकडे ती सोय म्हणून वापरतात, इथे ती गरज आहे.

विजेचे बोर्डही याच हिशेबाने. सोळा अँपिअरचे पॉइंट छातीच्या वर, अर्थिंगची तार खरोखर जमिनीत गेलेली, आणि गळती होताच वीज तोडणारा स्वतंत्र स्विच. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून ग्राइंडर चालवणारे महाभाग या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांच्यासाठी लाकडी पाट टेबलापुढे टाकावा. घरात जुना पडलेला असतोच.

आठ बाय चार

प्लायचा ताव आठ फूट बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. कपाटाची मापे मनाला येतील तशी धरून मग ताव कापायला घेतला, की शेवटी चिंधोट्या उरतात आणि आणखी एक ताव आणावा लागतो. उलट जावे. सहाशे मिलिमीटर खोलीचे पेटारे धरले तर तावाच्या रुंदीत दोन पट्ट्या बसतात आणि वीस मिलिमीटर उरतात. त्यात करवतीच्या पात्याने खाल्लेले तीन मिलिमीटर सहज जातात. तेच कुणी ६१० धरले, तर कागदावर दोन बसतात आणि प्रत्यक्षात दुसरी पट्टी पात्याच्या जाडीइतकी कमी पडते. नवखे लोक नेमके हेच ६१० धरतात, कारण ते बरोबर दोन फूट असतात. लक्ष्मणराव चित्रकलेकडून आरेखनाकडे वळले, त्यात मला एक व्यवहारही दिसतो. जे कागदावर कापून झाले ते लाकडात वाया जात नाही. चौकटीच्या वहीत ताव काढावा, त्यावर तुकडे मांडावेत, प्रत्येकावर नाव लिहावे. तयार यादी घेऊन दुकानात गेले की पॅनेल-सॉवर सगळे सरळ कापून मिळते. पार्किंगमध्ये हातातल्या गोल करवतीने आठ फुटी ताव चिरण्याची मर्दुमकी करू नये.

खणांची चॅनेले बॉल-बेअरिंगची घ्यावीत. साधारण पस्तीस ते पंचेचाळीस किलो भार ती झेलतात. पाने, सॉकेट, ड्रिलच्या बिटांचा खण यापुढे सहज जातो, म्हणून असे खण उथळ करावेत. चार इंच पुष्कळ झाले. खोल खणात हत्यारावर हत्यार पडते आणि वरचेच तेवढे वापरात राहते. कुठल्या खणात काय, याचा सांगलीकरांसाठी सोपा क्रम आहे: खाली पहार, फावडे, साखळदंड, जे भिजले तरी पुसून चालते, मध्ये रोजची हत्यारे, वर मोटरीचे, बॅटरीचे, कागदाचे. मिस्त्री मोटरीचे सामानही खाली ठेवायला सांगेल, जड ते खाली आणि हाताशी ते मध्ये एवढेच त्याचे शास्त्र. तो बरोबर आहे, फक्त तो बहुधा पूरपट्ट्याबाहेर राहतो.

मिस्त्रीला बोलवावे की नाही, हाही वाद आहे. माझ्या मते सांगाडा वेल्डिंगवाल्याकडून, कापणी दुकानात, आणि जोडणी घरी. जोडणीत चुका होतात त्या परवडण्याजोग्या असतात. मिस्त्री आलाच तर त्याच्या वहीकडे एकदा बघावे. अजूनही पुष्कळ मिस्त्री इंच आणि सूत लिहितात, दुकानदार मिलिमीटर सांगतो, आणि व्हिडिओतला माणूस इंचाचे सोळावे हिस्से. एका टेबलात तीन मोजमापे शिरली की गोंधळ ठरलेला. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरला थोडे कमी. दहा तुकड्यांत प्रत्येकी अर्धे सूत इकडेतिकडे झाले, तर शेवटच्या कपाटाला पाच सुतांची फट राहू शकते. सुरुवातीलाच एक माप ठरवावे आणि त्याच एका टेपने शेवटपर्यंत मोजावे. दोन टेपही एकमेकांशी जुळत नाहीत, हे बाजारात शेजारीशेजारी धरून बघता येते.

टेबल झाले की फळीवर आणखी एक थर टाकावा, सहा मिलिमीटर हार्डबोर्डचा. तो फेव्हिकॉलने चिकटवू नये, चार कोपऱ्यांना आणि मध्ये बुडवलेल्या स्क्रूंनी धरावा. कारण टेबल तुम्ही निवृत्तीसाठी केलेले असले, तरी ऑगस्टमध्ये त्यावर मखर होणार, ऑक्टोबरमध्ये आकाशकंदिलाच्या काड्या आणि खळ, किल्ल्यासाठी कालवलेली माती, मग कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका. वर्षअखेरीस तो थर काढून टाकायचा, नवा लावायचा. ताव आठ बाय चारचाच येतो, सहा फुटी टेबलाला पुरून दोन फूट उरतात. ते खणांच्या तळाला वापरावेत.